दाणे, कोळंबी, गहू बंद आणि वजनही उतरवायचंय: खायचं तरी काय?

पळसफूल

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. वय ३९, उंची १५८ सेंमी, वजन ७८ किलो. यकृतावर चरबी निघाली आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं की याला गोळी नाही, आठ-दहा किलो उतरवा. इथपर्यंत ठीक. गुंता पुढे आहे.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी लहानपणापासून. ओठ सुजतात, घसा आवळतो, एकदा मध्यरात्री दवाखाना गाठावा लागलाय. कोळंबी आणि खेकड्याने अंगभर पित्त उठतं. ही दोन मी जन्मभर सांभाळत आलेय. गेल्या वर्षी पोट सारखं फुगतं म्हणून एका लॅबचं अ‍ॅलर्जीचं मोठं पॅकेज केलं. रंगीत रिपोर्ट आला. लाल रंगात गहू, गाईचं दूध, अंड्यातला पांढरा भाग, हरभरा, टोमॅटो, वांगं, काजू, यीस्ट. तेव्हापासून हे सगळं बंद. उरलं काय, तर भात, साबुदाणा, बटाटा, नाचणी आणि थोड्या भाज्या. वजन उतरायचं सोडून वाढलंच.

कुठलाही डाएट प्लॅन उघडा: सकाळी दुधात ओट्स, अकराला मूठभर दाणे, दुपारी पनीर, चारला चणे-फुटाणे, रात्री उकडलेली अंडी. म्हणजे माझ्या लाल यादीचंच वेळापत्रक! डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवायचं डाएटही करून बघितलं. दोनदा जेवणं जमतं, पण त्या दोन जेवणांत भाताशिवाय वाढून काय घ्यायचं? मधल्या वेळेचं पातळ ताकसुद्धा मला बाद. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरचा_शहाणा

दीक्षित आले, आता आहारतज्ज्ञ दिवेकर येतील. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मक्याची अ‍ॅलर्जी नाही. हलकेच घ्या.)

डोंबिवलीकर_काकू

अगं पळसफूल, आमच्या वेळी नव्हतं बाई हे अ‍ॅलर्जी वगैरे. पित्त उठलं की आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं, दहा मिनिटांत उतार. माझं ऐकशील तर दाण्याचं कूट रोज चिमूट-चिमूट घे, शरीराला सवय होते. आणि भात सोड आधी. रात्रीचा तर नकोच.

पांढरा_कोट

काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ती चिमूट कृपया कोणालाही सुचवू नका. ज्या व्यक्तीचा दाण्याने घसा आवळतो तिला घरच्या घरी चिमूट-चिमूट देणं जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचे उपचार आहेत, पण मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते आणि ती वाढवताना रुग्ण डॉक्टरांसमोर बसलेला असतो. २०१५ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, त्यात बाळांना लवकर दाणे सुरू केल्याने अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण खूप घटलं. तो होता ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवर, अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. लोक तोच अभ्यास मोठ्यांना लावतात. आमसुलाचं पाणी कातडीवरच्या खाजेला लावा खुशाल. घशाच्या सुजेशी त्याचा संबंध नाही.

पळसफूल, एक विचारतो. तो रंगीत रिपोर्ट शोधा आणि वर काय लिहिलंय ते सांगा: आयजीई की आयजीजी? सगळं त्या एका अक्षरावर आहे.

पळसफूल

आयजीजी लिहिलंय. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

पांढरा_कोट

मग तो रिपोर्ट फाईलला लावा आणि त्यावरून स्वयंपाक करणं थांबवा.

जरा विस्ताराने लिहितो, कारण ही चाचणी हल्ली गल्लोगल्ली विकली जाते. दाण्याने ओठ सुजतात ती अ‍ॅलर्जी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. खाल्ल्यावर मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत लक्षणं. आयजीजी हा वेगळा गट. जे अन्न आपण नेहमी खातो त्याविरुद्ध तो निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतो. तुमच्या लाल यादीत गहू, दूध, हरभरा, टोमॅटो, वांगं आलं कारण तुम्ही मराठी घरात जेवता! युरोप, अमेरिका, कॅनडा इथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान या चाचणीवर करू नका असं लेखी सांगितलेलं आहे.

खरी तपासणी अशी: आधी डॉक्टर तासभर नुसते प्रश्न विचारतात. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, दर वेळी होतं का. मग हातावर थेंब टाकून टोचण्याची चाचणी किंवा रक्तातलं त्या-त्या पदार्थाचं आयजीई. त्यातही पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असं नाही; खाऊन काहीच न होणारी कितीतरी माणसं चाचणीत पॉझिटिव्ह येतात. शंका राहिली तर दवाखान्यात, डोळ्यांसमोर, तो पदार्थ थोडा-थोडा खायला देऊन बघतात. शेवटचा शब्द त्याचाच.

दूध प्यायल्यावर पोट फुगणं हे बहुतेकदा लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं असतं. त्या लोकांना दही-ताक बऱ्यापैकी चालतं. दुधातल्या प्रथिनाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दही, ताक, पनीर सगळं बाद, तुपातही अंश राहू शकतो, आणि शेळीचं किंवा ए-टू दूध हाही तिथे उपाय नाही.

हे सगळं वाचून आजच पोळी खायला घेऊ नका. गव्हाबद्दल एक विचारायचंय: गहू बंद करण्याआधी गव्हाने तुम्हाला प्रत्यक्ष कधी काही झालं होतं का?

कारळ्याची_चटणी

डॉक्टर, +१. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये अशीच बावीस नावं होती. पोरगी वाळून काडी झाली, केस गळले. तिथे वजन कमी झालं, इथे वाढलं, इतकाच फरक.

पळसफूल

डॉक्टर, हुश्श! आणि थोडा संतापही येतोय.

गव्हाचं विचारलंत म्हणून. नुसती पोळी खाऊन कधी काही झालं नाही. नुसती पळाले तरी काही नाही. पण सकाळी पोळी-भाजी खाऊन वेताळ टेकडीवर पळायला गेले की कधी कधी अर्ध्या वाटेत पित्त उठायचं, एकदा चक्करही आली. घरचे म्हणायचे उन्हाचं पित्त.

पांढरा_कोट

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. धाग्यावर निदान होत नसतं, पण हे तज्ज्ञाला शब्दशः असंच सांगा.

गव्हाच्या अ‍ॅलर्जीचा एक प्रकार असा आहे की गहू आणि श्रम एकत्र आले तरच उठते. खाल्ल्यावर काही तासांच्या आत व्यायाम केला तर पित्त, सूज, चक्कर, क्वचित रक्तदाब कोसळून बेशुद्धी. शांत बसून तीच पोळी पचते. त्यामुळे कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. व्यायामाच्या जागी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी किंवा दारू आली तरी असं होऊ शकतं. यासाठी गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन या प्रथिनाचं आयजीई तपासतात.

आता गंमत बघा. वजन कमी करायला निघालेला माणूस काय करतो? भात सोडून पोळीवर येतो आणि पोटात काहीतरी असावं म्हणून खाऊन पळायला जातो. म्हणजे नेमकी हीच जोडी जुळवतो. तेव्हा तपासणी होईपर्यंत गहू बंदच, आणि टेकडीवर एकटीने जाऊ नका. निदान पक्कं झालं तर बहुतेकांना व्यायामाआधी किमान चार तास गहू टाळायला सांगतात, पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

दोन बारीक गोष्टी. टोचण्याच्या चाचणीआधी सिट्रिझिन, अविल वगैरे खाज-पित्ताच्या गोळ्या काही दिवस थांबवावी लागतात. किती दिवस ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आणि पोट फुगत होतं म्हणून सिलिअ‍ॅकही (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) बघावं लागेल. गहू सोडून वर्ष झालंय, त्यामुळे ती रक्ततपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हेही आधीच सांगा.

आता दाण्याबद्दल. घसा आवळणं, श्वास लागणं, आवाज बसणं, गरगरणं यांपैकी काही झालं तर औषध एकच: अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अविल-सिट्रिझिन खाज थांबवते, जीव वाचवत नाही. परदेशात मिळतं ते तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा तज्ज्ञांकडून अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंजची सोय, मात्रा आणि टोचण्याची पद्धत शिकून घ्या, घरातल्या एकाला तरी शिकवा. मग १०८ ला फोन, आणि आडवं पडून राहायचं (श्वासाला त्रास असेल तर टेकून बसायचं). उठून चालत रिक्षा शोधायला जायचं नाही.

उंटावरचा_शहाणा

पॉपकॉर्न खाली ठेवला. वाचनखूण साठवली आहे.

भाकरतुकडा

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी घेतली, मी ताटाकडे बघते.

पळसफूल, तुमच्या पथ्याच्या ताटात दोन पथ्यं एकमेकांच्या पायात येतायत. अ‍ॅलर्जी सांभाळताना आपण पदार्थ काढतो. वजन उतरवतानाही आपल्याला सवय आहे पदार्थच काढायची: भात काढ, साखर काढ, हे काढ. दोन्हीकडून काढत गेलं की शिल्लक राहतो स्टार्च. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. बटाटा-भातावर पोट भरतं, दोन तासांत पुन्हा भूक. मी अशा माणसांना आधी परत वाढायला सांगते, मग मापायला.

आधी प्रथिनं. तुमच्या उंचीला दिवसाला ६०-६५ ग्रॅम धरून चला, वजन उतरताना स्नायू टिकायला हवेत. तूर, मूग, मसूर, मटकी, कुळीथ: कच्च्या १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना बाकीच्या डाळी चालतात. तुम्ही सध्या यांतल्या कुठल्या त्रास न होता खाताय ते बघा आणि त्याच वाढवा, हरभरा तपासणीनंतर. बेसनाच्या पिठल्याऐवजी कुळथाचं पिठलं करा, कोकणातले लोक हसतील पण चालतं. मासे-चिकन खात असाल तर काम निम्मं सोपं. अंडं आणि दही डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी परत आणा.

मग भाकरी. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नाही. पण ग्लुटेन नाही म्हणजे कॅलरी नाहीत असा समज फार पसरलाय. गहू काय, ज्वारी काय, तांदूळ काय, १०० ग्रॅमला साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी. सगळी एकाच घरातली. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोनशे. दुसरी भाकरी घ्यायची की नाही हे भाजी-डाळ संपवल्यावर ठरवा. ‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटं महाग असतात आणि तूप-साखर-स्टार्चनेच बांधलेली असतात, ती डब्यातच नकोत.

तेल मोजा. एक चहाचा चमचा तेल ४०-४५ कॅलरी. फोडणीला बाटलीतून थेट ओतणारी माणसं दिवसाला दोन-तीन भाकऱ्यांएवढं तेल पितात आणि दोष भाताला देतात. काकू, रात्रीचा भात बिचारा उगाच बदनाम आहे, वाटीभर असेल तर काही होत नाही.

दूध बंद आहे तोवर कॅल्शियमकडे लक्ष हवं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी. बदामाचं दूध हे बरंचसं पाणीच असतं, त्यात प्रथिनं शोधू नका.

एक दिवस कसा दिसेल ते सांगते, तसाच करा असं नाही. सकाळी मुगाचं धिरडं, पुदिन्याची चटणी. दुपारी भाकरी, पालेभाजी, घट्ट मसूर आमटी मोठी वाटी, काकडी (कूट न घालता, लिंबू-जिरं). चारला फळ. संध्याकाळी लवकर मोडाची मटकी वाफवून, नाहीतर मासा, सोबत भाजी आणि थोडा भात. दोन वेळांतच बसवायचं असेल तरी चालेल, पण मग दोन्ही ताटांत डाळ दुप्पट. दीक्षित की दिवेकर यावर भांडायला वेगळा धागा काढा.

मालवणी_मसाला

मासे सोडूचे नायत! कोळंबीची अ‍ॅलर्जी आणि माशाची अ‍ॅलर्जी वेगवेगळ्या प्रथिनांमुळे असते, असं मला आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं. मला कोळंबी चालत नाही, बांगडा-सुरमई आयुष्यभर खातोय. मात्र जपायचं ते बाजारात आणि खानावळीत. मासळीवाली एकाच सुरीने, एकाच पाटावर कोळंबी सोलते आणि मासा कापते. हॉटेलात तळायचं तेल एकच. मी मासा अख्खा आणून घरी साफ करतो. आणि तो ‘हाय प्रोटीन’ म्हणून सुका जवळा भाजून भाकरीबरोबर खायचा सल्ला फिरतोय ना, जवळा म्हणजे कोळंबीचंच भावंड. भूल पडू नको देऊ.

पांढरा_कोट

मालवणी, बरोबर. कोळंबी-खेकड्यात ट्रोपोमायोसिन, माशांत पार्व्हाल्ब्युमिन. आणि ट्रोपोमायोसिन धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतं, त्यामुळे धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या चाचणीत कोळंबी उगाच पॉझिटिव्ह येते. पळसफूल यांना खाऊनच पित्त उठलंय, तेव्हा त्यांचं तसं नसावं.

कारळ्याची_चटणी

तेलावरून आठवलं, कोणी बोललंच नाही. हल्ली वजन कमी करणारा प्रत्येक जण रिफाइंड सोडून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणतोय. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी त्याच्या जवळ जाऊ नये. पूर्ण रिफाइंड तेलातलं प्रथिन जवळजवळ निघून गेलेलं असतं, घाण्याच्या तेलात ते उरतं. शिवाय त्याच घाण्यात सकाळी दाणे आणि दुपारी करडई. म्हणजे करडईचं घाण्याचं तेलही विचारून घ्यायचं.

कुटाला पर्याय म्हणून मी भाजलेल्या लाल भोपळ्याच्या बिया, जवस, कारळे वापरते. कोशिंबिरीत बियांचं जाडसर कूट, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण विकतच्या जवस-कारळ्याच्या चटणीत दाणे ढकललेले असतात, घरीच कुटायची. आणि बियांत तेल भरपूर, चमचा म्हणजे चमचाच.

डोंबिवलीकर_काकू

बरं बाई, चिमूट मागे घेतली. पण मग एकादशीला ही पोरगी काय खाणार? आमच्याकडे उपवास म्हणजे दाणेच.

कारळ्याची_चटणी

काकू, वरीचे तांदूळ आणि काकडीची कोशिंबीर, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी. वजनालाही साबुदाण्यापेक्षा बरं. आमच्याकडे उपवासाच्या दिवशी वजन वाढतं हे सर्वज्ञात आहे.

सईची_सॅनहोजे

लेबलांबद्दल. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा नववा अ‍ॅलर्जन म्हणून पाकिटावर लिहावा लागतो. भारतात काय परिस्थिती? मुलाला तिळाची आहे, सुट्टीत संक्रांतीला येतोय, धास्ती आहे.

भाकरतुकडा

सई, इथे २०२० च्या लेबलच्या नियमांत ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडावर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाची फळं, सोया आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट आहेत. तीळ नाही, मोहरी नाही, हरभराही नाही. म्हणजे घटकांची यादी वाचावीच लागते, आणि मिठाईच्या दुकानातल्या सुट्या लाडवाला यादीच नसते. आणि संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्यांना काय सांगणार. मुलाच्या खिशात त्याचा बिनतिळाचा लाडू द्या, बदलून घ्यायला.

पळसफूल, ओट्समध्येही गव्हाची भेसळ होते, कारखान्यात एकत्र हाताळले जातात. आणि ‘व्हीगन’ प्रोटीन पावडर म्हणजे बहुधा वाटाण्याचं प्रथिन. व्हे म्हणजे दूध. दोन्ही डबे तपासणीआधी नकोत.

ज्वारी_जळगावची

आणि गिरणी! तुम्ही ज्वारी नेली, आधीच्या बाईचा गहू नुकता दळून झालेला. पहिलं किलोभर पीठ अर्धं तिचंच. गिरणीवाला ओळखीचा असेल तर बाजरी-ज्वारीच्या पाळीला जा, आणि आपल्याच थोड्या ज्वारीचा पहिला घाणा वेगळा काढून दुसऱ्याला द्या. नाहीतर घरघंटी घ्या. विकतच्या थालीपीठ भाजणीत गहू आणि हरभरा दोन्ही असतात.

पळसफूल

सगळ्यांचे किती आभार मानू. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची वेळ घेतलीये, अविल किती दिवस आधी बंद ते विचारून घेतलं. नवऱ्याला इंजेक्शन शिकायला बरोबर नेणार आहे, तो आतापासूनच घाबरलाय. तोवर गहू बंद, तेल मोजून, मूग-मसूर भरपूर. कालपासून सुरुवात केली, रात्री अकराला फ्रीज उघडला नाही एवढं नक्की.

एक राहिलंच. सासूबाई म्हणतात, पंगतीत बसलीस तर भाजी-आमटी तरी खा, त्यात कुठे गहू नि दाणे? त्यांना काय सांगू?

ज्वारी_जळगावची

आमटीला गोड्या मसाल्याबरोबर कूट लावणारी घरं भरपूर आहेत. आणि आचारी एकच डाव सगळ्या पातेल्यांत फिरवतो. लग्नाला जायचं तर घरून जेवून जा आणि पानावर बसून गप्पा मारा. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे चालतं, ‘मला चालत नाही’ हे चालत नाही, असा माझा अनुभव आहे.

पांढरा_कोट

शिवाय त्या फोडणीतला हिंग. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. प्रमाण नगण्य, पण तुमचा निकाल येईपर्यंत टाळलेला बरा. डबीवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पळसफूल

डबी बघितली. गव्हाचं पीठ, ठळक अक्षरात. आता फोडणीला काय?

कारळ्याची_चटणी

तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, मोठ्या वाणसामानाच्या दुकानात विचारा. नाहीतर सध्या लसूण ठेचून घाला. आमच्या खानदेशात हिंगावाचून कोणाचं अडत नाही.